भिंतीत मुरलेला धूर

गेल्या अंकात आपण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या शय्याव्रणांविषयी बोललो. त्या लेखात घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेचा उल्लेख अनेकदा आला. तिने कूस कशी बदलावी, जखम कशी पुसावी, हे सारे मी सविस्तर लिहिले. मात्र ती ज्या खोलीत दिवसाचे सहा-सहा तास घालवते, त्या खोलीचा तिच्यावर काय परिणाम होतो, याविषयी एक अक्षरही लिहिले नव्हते. ही उणीव माझ्या ध्यानात आणून दिली ती एका परिचारिकेनेच. आजचा लेख तिच्यामुळे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मूळ गोष्ट खरी आहे.

माझा दवाखाना दिंद्रुडला आहे. आमच्या बीड जिल्ह्याची रीत आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. दसरा-दिवाळी उलटली की कोयते ऊसतोडीला बाहेर पडतात. घरातली कर्ती माणसे कारखान्याच्या फडावर आणि मागे उरतात ती म्हातारी माणसे व लहान नातवंडे. अशा दिवसांत आजारी वृद्धाला आधार असतो तो शेजारपाजाऱ्यांचा आणि परवडत असेल तर घरी येणाऱ्या सिस्टरचा. आमच्या भागात एएनएमचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या काही मुली असे काम करतात. स्कूटीवरून चार घरे फिरायची, कुणाला इन्सुलिन द्यायचे, कुणाची लघवीची नळी सांभाळायची, कुणाला वाफ द्यायची. त्यांच्यापैकीच एक जण जानेवारीतल्या एका संध्याकाळी, शेवटचा रुग्ण गेल्यावर, माझ्यासमोर येऊन बसली.

"सर, आबांचं काम मी पुढल्या महिन्यापासून सोडते."

आबा म्हणजे माझे जुने रुग्ण. वय सत्तरीच्या पुढे. फुप्फुसाच्या नळ्या आकुंचित होण्याचा जुनाट विकार, ज्याला आम्ही सीओपीडी म्हणतो, तो त्यांना कित्येक वर्षांपासून आहे. डिसेंबरात दम फारच वाढला म्हणून त्यांना मोठ्या रुग्णालयात ठेवावे लागले. घरी परतताना प्राणवायूचे यंत्र सोबत आले. पुण्याकडे कंपनीत असलेल्या थोरल्या मुलाने सकाळी आठ ते दोन या वेळेसाठी या सिस्टरची नेमणूक केली. धाकटा मुलगा आणि सून फडावर. त्यांचा चार वर्षांचा मुलगा आजी-आजोबांजवळ.

मला वाटले, पगाराचा प्रश्न असेल. तसे नव्हते.

"सर, आबा मायाळू आहेत. पण त्या खोलीत बिडीचा इतका वास मुरलाय की तो माझ्या अंगाला चिकटतो. घरी गेले की सासूबाई पदर हुंगतात. एकदा नणंद म्हणाली, वहिनी तिकडं जाऊन बिड्या ओढती काय. हसण्यावारी नेलं मी. पण आता माझं सात महिन्यांचं लेकरू मला बिलगतं तेव्हा त्याच्या टाळूलासुद्धा तोच वास येतो. मग माझ्यानं राहवत नाही."

हे ऐकून मी गप्प झालो, कारण त्या खोलीचा वास मलाही ठाऊक होता. मी पंधरवड्याला एकदा तेथे जात असे. दारात पाऊल टाकताच तो वास जाणवे. दहा मिनिटांत तपासणी उरकून मी बाहेर पडे आणि मोकळ्या हवेत श्वास घेई. तिचे तेथे सहा तास जातात, हे माझ्या मनात कधी आलेच नाही. त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढची. आबांचा तो चार वर्षांचा नातू रात्रीच्या खोकल्यासाठी व घरघरीसाठी हिवाळ्यात तीन वेळा माझ्याकडे आला होता. त्याला मी औषध दिले; तो कोणाच्या खोलीत झोपतो, हे विचारले नाही.

शिळा धूर म्हणजे काय?

बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या छातीत जाणारा धूर हा पहिला. शेजारी बसलेल्यांच्या छातीत जाणारा तो दुसरा. त्याला आपण परोक्ष धूम्रपान म्हणतो. आणि बिडी विझल्यानंतर, ओढणारा उठून गेल्यानंतरही भिंतींवर, पडद्यांवर, गोधडीत, केसांत, धुळीत जे उरते ते तिसरे. मी त्याला शिळा धूर म्हणतो. २००९ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या एका शोधनिबंधानंतर या तिसऱ्या प्रकाराकडे वैद्यकविश्वाचे लक्ष विशेषत्वाने गेले.

धुरातील निकोटीन हा मोठा चिकट पदार्थ आहे. तो चुन्याच्या भिंतीत, लाकडात, कापसात आणि लोकरीत शिरतो आणि हळूहळू पुन्हा हवेत सुटत राहतो. उन्हाने खोली तापली किंवा हवा दमट झाली की जुना वास एकाएकी उफाळून येतो, याचा अनुभव आपण घेतला असेल. २०१० साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतील संशोधकांनी दाखवून दिले की पृष्ठभागावर बसलेल्या निकोटीनची हवेतील नायट्रस आम्लाशी अभिक्रिया होऊन नायट्रोसामाइन जातीची कर्कजनक द्रव्ये तयार होतात. सॅन डिएगो शहरातील दुसऱ्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरे तपासली गेली. दोन महिने रिकामी राहून, झाडझूड होऊनही त्या घरांतील धुळीत व पृष्ठभागांवर निकोटीन सापडले. आणि तेथे नव्याने राहावयास आलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या माणसांच्या बोटांवरही ते आढळले.

आपल्याकडे प्रश्न सिगारेटपेक्षा बिडीचा अधिक आहे. बिडी लहान दिसते, म्हणून ती सौम्य असावी असा समज आहे. तो चुकीचा आहे. टेंभुर्णीचे पान कागदाइतके सच्छिद्र नसते. बिडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही तिच्यातून मिळणारे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसते; पुष्कळदा अधिकच असते.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेतात असे दिसले. मात्र ओढणारे केवळ ३.८ टक्के होते. आपल्याकडे तंबाखू प्रामुख्याने खाल्ली जाते. त्यामुळे धुराचा प्रश्न आपला नव्हे असे वाटू लागते. पण त्याच सर्वेक्षणानुसार देशातील ३८.७ टक्के प्रौढांना स्वतःच्या घरात दुसऱ्याचा धूर सहन करावा लागत होता. एक जण ओढतो आणि घरातील सर्वांच्या छातीत तो जातो, असा याचा सरळ अर्थ आहे.

अपाय कोणाला?

येथे मला प्रमाण सोडून बोलावयाचे नाही. समोर बिडी जळत असताना शेजारी बसणे घातक आहे, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. त्याने हृदयविकार, फुप्फुसाचा कर्करोग आणि मुलांमध्ये दमा व कानाचे विकार वाढतात. परोक्ष धुराची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिळ्या धुराविषयीचे संशोधन तुलनेने नवे आहे. धडधाकट प्रौढ माणसाला केवळ कपड्याच्या वासाने मोठा आजार होईल, अशी भीती मी घालणार नाही. परंतु रांगणारे मूल जमिनीवरची धूळ हाताला लावते आणि हात तोंडात घालते. त्याचे वजन कमी, श्वास जलद. दमेकऱ्याला निव्वळ वासानेही खोकल्याची उबळ येऊ शकते. गरोदर स्त्री, तान्हे मूल, दमेकरी आणि हृदयरोगी यांच्याबाबत सावध राहणे हेच शहाणपणाचे.

त्या सिस्टरने मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता की बाळाला अंगावर पाजणे थांबवू का. उत्तर स्पष्ट आहे: मुळीच थांबवू नये. आईच्या दुधाचे लाभ कितीतरी मोठे आहेत. कामावरून आल्यावर हातपाय-तोंड धुवावे, कपडे बदलावे आणि मगच बाळाला जवळ घ्यावे, इतके पुरे.

वास झाकणे म्हणजे घालवणे नव्हे

आबांच्या घरी धुराचा वास जावा म्हणून काकू सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावीत आणि धूप जाळीत. हेतू निर्मळ, परंतु परिणाम उलटा. उदबत्ती आणि धूप यांचाही धूरच असतो. त्यातील सूक्ष्म कण दमेकऱ्याच्या नळ्यांना तितकेच बोचतात. अत्तराचे फवारे आणि कापूर यांनी एक वास दुसऱ्यावर चढतो. निकोटीन जागच्या जागी राहते. पूजा करू नये असे मी म्हणत नाही. ती रुग्णाच्या खोलीबाहेर करावी.

सिस्टर नाकाखाली बाम चोळून काम करीत असे. त्याने वास जाणवत नाही, धूर मात्र तसाच आत जातो. साध्या शस्त्रक्रियेच्या मास्कचीही तीच गत. एन-९५ मास्क नीट बसवला तर धुरातील कण बऱ्याच अंशी अडतात. वायू आणि वास अडत नाहीत. म्हणून मास्क हा तात्पुरता आसरा आहे, उपाय नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाक फार लवकर सरावते. एकाच वासात काही वेळ राहिले की तो जाणवेनासा होतो. ओढणाऱ्याला स्वतःच्या खोलीचा वास येत नाही, यात त्याचा खोटेपणा नसतो. आणि सिस्टरला अर्ध्या तासानंतर वास येणे थांबले, याचा अर्थ हवा शुद्ध झाली असा नसतो.

खोली कशी धुवावी?

पहिली अट अशी की खोलीत नवा धूर होणे थांबले पाहिजे. त्याशिवाय धुणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे. ती अट पाळली जाणार असेल तर एक दिवस ठरवावा, रुग्णाला दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीवर न्यावे आणि पुढील क्रमाने काम करावे.

वरून खाली यावे. पंख्याची पाती, दिव्याची नळी, कपाटाचा माथा, खिडकीचे गज, दाराची चौकट हे सारे साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावे. हातात मोजे घालावेत. फडक्याचे पाणी तपकिरी होत जाईल. ते वारंवार बदलावे आणि मोरीत ओतावे. भिंत तेलरंगाची असेल तर तीही पुसता येते. चुन्याची असेल तर कोरड्या मऊ झाडूने झाडून, ओल्या फडक्याने हलके पुसून, वाळल्यावर नवा हात द्यावा. न धुता वरून चुना किंवा रंग लावला तर पिवळे डाग आणि वास काही दिवसांत पुन्हा वर येतात. जमीन फरशीची असेल तर रोज ओल्या फडक्याने पुसावी; कोरडे झाडल्याने धूळ हवेत उडते.

कापडाकडे विशेष लक्ष द्यावे. पडदे, मच्छरदाणी, उशांचे अभ्रे आणि चादरी गरम पाण्यात साबणाने धुवाव्या. गोधडी आणि वाकळ यांत धूर खोलवर शिरलेला असतो. एका धुण्यात तो निघत नाही. दोनतीनदा धुऊन प्रत्येक वेळी कडक उन्हात उलटसुलट वाळवावी. जी गादी धुता येत नाही तिच्यावर खाण्याचा सोडा पसरून काही तासांनी झटकावा आणि गादी उन्हात टाकावी. सोड्याने वास कमी होतो, निकोटीन पूर्णपणे जात नाही. म्हणून फार जुनी, पिवळी पडलेली उशी टाकून देणेच बरे.

वाफेच्या यंत्राचा मास्क व नळी साबणाच्या पाण्यात धुवावी. प्राणवायूच्या यंत्राची फोमची जाळी धुराने लवकर काळवंडते. ती यंत्रासोबतच्या सूचनांप्रमाणे नियमित धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवावी. जाळी तुंबली तर यंत्राची हवा ओढण्याची शक्ती कमी होते.

परिचारिका भगिनींसाठी

आपले काम सेवेचे आहे, म्हणून आपण सारे सोसावे असा त्याचा अर्थ होत नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून तिचे सुधारित नियम देशभर लागू झाले. रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेला त्या कायद्याचे संरक्षण मिळते. खासगी घर मात्र त्याच्या कक्षेत येत नाही. रुग्णाचे घर हेच आपले कामाचे ठिकाण असूनही तेथे कायदा आपल्या बाजूने उभा राहत नाही. म्हणून ही गोष्ट बोलून ठरवावी लागते.

ब्रिटनमध्ये परिचारिकांच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या संघटनेने घरोघरी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी या विषयावर मार्गदर्शन केले आहे. त्यातील सूचना साध्या आहेत आणि आपल्याकडेही सहज पाळता येतील: परिचारिका येण्याच्या तासभर आधीपासून खोलीत कोणीही ओढू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ती घरात असेपर्यंत बिडी पेटवू नये. काम स्वीकारतानाच, पगार आणि वेळ ठरवताना, या तीन गोष्टी घरच्यांशी ठरवून घ्याव्यात. महिनाभर सोसून मग बोलले तर ते रागाचे वाटते; पहिल्या दिवशी बोलले तर तो नियम ठरतो.

कपड्यांचे म्हणाल तर पूर्ण बाह्यांचा सुती अ‍ॅप्रन आणि केस झाकणारा सुती रुमाल वेगळा ठेवावा. केसांत धूर फार धरून राहतो. काम संपताच अ‍ॅप्रन व रुमाल काढून बंद पिशवीत घालावा आणि घरी इतर कपड्यांत न मिसळता धुवावा. आपली पिशवी रुग्णाच्या पलंगावर किंवा जमिनीवर न ठेवता ओसरीत खुंटीला टांगावी. धुता येईल अशीच पिशवी वापरावी. दर तासाला पाच मिनिटे अंगणात जावे. आपणांस दमा असेल किंवा दिवस गेले असतील तर हे काम सोडण्यात किंवा बदलून घेण्यात कोणताही कमीपणा मानू नये.

प्राणवायू आणि आगकाडी

आता सर्वांत गंभीर मुद्दा. सिस्टरने बोलता बोलता सांगितले की आबा नाकातली नळी काढून उशाशी ठेवतात, पलंगावरच बिडी पेटवतात आणि ओढून झाल्यावर नळी पुन्हा लावतात. यंत्र चालूच असते. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

प्राणवायू स्वतः जळत नाही. मात्र दुसऱ्या कोणत्याही वस्तूला तो भडाभडा जळायला मदत करतो. नळी उशाशी पडून राहिली की प्राणवायू उशीत, गोधडीत, मिशांत आणि सदऱ्यात मुरतो. अशा वेळी एक ठिणगी पुरते. चेहरा भाजलेले आणि घर जळालेले असे प्रसंग जगभर घडले आहेत. म्हणून प्राणवायू सुरू असलेल्या खोलीत बिडी, उदबत्ती, निरांजन, चूल, गॅस यांपैकी काहीही पेटवू नये. ज्योत किमान दहा फूट दूर असावी. यंत्र बंद केले तरी कपड्यांत प्राणवायू राहतो. म्हणून आगीजवळ जाण्यापूर्वी मोकळ्या हवेत निदान अर्धा तास जाऊ द्यावा. रुग्णाच्या ओठांना व नाकाला व्हॅसलिनसारखे तेलकट मलम किंवा बाम लावू नये. पाण्यात मिसळणारे मलम वापरावे.

बोलावे कसे?

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या घरी गेलो. मनात खूप राग होता; तो दारातच ठेवला. सत्तरी उलटलेल्या माणसाला लहान मुलासारखे दटावले तर तो बिडी सोडत नाही, फक्त लपवू लागतो. आणि प्राणवायूच्या खोलीत लपून ओढलेली बिडी अधिक भयंकर.

मी आधी आगीचे सांगितले. मग वासाचे. आबा म्हणाले, "मला तर काहीच वास येत न्हाई, डॉक्टर. हिलाच कामून येतो?" मी त्यांना नाक सरावण्याची गोष्ट सांगितली. ते मान हलवत राहिले, पटले नव्हते.

तेव्हा दाराशी बसलेल्या काकू बोलल्या. मी त्या घरात कित्येक वर्षे जात आहे. त्यांना इतके सलग बोलताना मी प्रथमच ऐकले. "पोरीला सहा म्हैने न्हाई झाले तर तिच्यासाठी डॉक्टर आले. मी चाळीस वर्सं हाच वास घेतलाय. मला कुणी इचारलं?"

खोलीत कोणीच बोलले नाही. माझ्यापाशीही उत्तर नव्हते. काकूंनाही खोकला आहे. तो चुलीचा असेल असे समजून मी पुढे गेलो होतो. चुलीच्या धुराचाही त्यात वाटा आहे, हे खरे. पण दुसरा धूर मी मोजलाच नव्हता.

बऱ्याच वेळाने आबांनी सिस्टरकडे पाहिले. "तुझं लेकरू दूध पितंय का अजून?"

"पितंय, आबा."

"मग उद्यापासून बाहीर."

वाचकहो, यातून मी जे शिकलो ते असे. ओढणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या आरोग्याची भीती बहुधा जुनी झालेली असते. "तुमचे फुप्फुस खराब होईल" हे त्याने शंभरदा ऐकलेले असते. परंतु आपल्या धुराने दुसऱ्याचे मूल खोकते आहे, हे त्याला कोणी शांतपणे सांगितलेले नसते. आरोप न करता, एखाद्या माणसाचे नाव घेऊन ते सांगावे. आणि "सोडा" म्हणण्यापूर्वी "खोलीत नको" एवढेच मागावे. लहान मागणी मान्य झाली की मोठीची वाट मोकळी होते.

सोडावयाचीच असेल तर

वय झाल्यावर सोडून काय उपयोग, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उपयोग आहे. एकदोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरते; फुप्फुसाची झीज भरून आली नाही तरी तिचा वेग मंदावतो, आणि वारंवार रुग्णालयात जाणे कमी होऊ शकते.

पहिला आठवडा कठीण असतो. चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे हे तलफेचे भाग आहेत. ते दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. घरच्यांनी या काळात वाद घालू नये. प्रत्येक तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी, बडीशेप, चार पावले चालणे, नातवाशी गप्पा असे काही मध्ये आणावे. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर व्यसन खोल आहे असे समजावे. अशा व्यक्तीला निकोटीनची चघळगोळी किंवा त्वचेवर लावण्याची पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येते. ती गोळी पानासारखी सतत चघळू नये. थोडी चावून गालात धरावी. कवळी असलेल्यांना पट्टी सोयीची. बिडीच्या जागी तंबाखूचा विडा किंवा मिश्री मात्र आणू नये. तो एका घरातून निघून शेजारच्या घरात शिरण्याचा प्रकार झाला.

एक महत्त्वाची सूचना. धूम्रपानामुळे यकृत काही औषधे लवकर संपवते. दम्यासाठी थिओफिलीन जातीच्या गोळ्या घेणाऱ्याने बिडी सोडली की त्याच मात्रेने रक्तातील औषध वाढू शकते. मळमळ, हातांना कंप, छातीत धडधड होऊ लागते. म्हणून बिडी सोडत असाल तर आपल्या डॉक्टरांना अवश्य कळवा. मधुमेही रुग्णांनी त्या दिवसांत साखर अधिक वेळा तपासावी.

केंद्र शासनाची तंबाखूमुक्तीसाठीची निःशुल्क दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. फोन करताना संकोच बाळगू नये.

आज काय स्थिती आहे?

आबांनी बिडी पूर्ण सोडलेली नाही. दिवसाला एक कट्टा संपत असे. आता तीन-चार बिड्यांवर आले आहेत. त्याही अंगणातल्या लिंबाखाली, यंत्र बंद करून, अर्धा तास थांबून. मी त्यावर समाधानी नाही आणि ते त्यांना ठाऊक आहे. खोली मात्र धुतली गेली. काकू आणि शेजारच्या दोन बायकांनी एका रविवारी ते काम केले. पंख्याचे पहिले फडके पिळल्यावर निघालेले पाणी काकूंनी आबांना मुद्दाम नेऊन दाखवले. पाच गोधड्या तीन-तीनदा धुतल्या. एक गोधडी काकूंनी धुऊ दिली नाही. ती त्यांच्या सासूने शिवलेली, फार जीर्ण. ती उन्हात टाकून, घडी घालून, दुसऱ्या खोलीतल्या पेटीत ठेवली आहे. मी हरकत घेतली नाही.

नातू आता आजीजवळ दुसऱ्या खोलीत झोपतो. गेल्या महिन्यात तो दवाखान्यात आलेला नाही. एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मला कळते. तरी नोंद करून ठेवली आहे. काकूंच्या छातीची तपासणी मी उशिरा का होईना, करून घेतली.

सिस्टर कामावर आहे. तिच्या स्कूटीच्या डिकीत आता एक बंद पिशवी असते, अ‍ॅप्रनसाठी.

माझ्या दवाखान्यातही एक बदल झाला आहे. खोकणारे मूल किंवा धापणारी म्हातारी समोर आली की मी विचारतो: घरात कोण ओढते, कोठे ओढते आणि तुम्ही कोणत्या खोलीत झोपता? आपल्या घरी आजारी माणूस असेल, त्याच्या सेवेला कोणी येत असेल, तर आपणही आज एवढे करा. दोन तास बाहेर जाऊन या आणि परतताना त्या खोलीच्या उंबऱ्यावर क्षणभर थांबून श्वास घ्या. सरावण्यापूर्वीचे नाक खरे सांगते. आणि मग तिला विचारा, "ताई, तुम्हांला येथे त्रास होतो का?"